ठिबक कंट्रोलरच्या बोर्डावरचा मायक्रो यूएसबी पोर्ट निखळला: पॅड वाचवून नवा कसा बसवायचा?

दिंडोरी_द्राक्ष

नमस्कार मंडळी. ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारा कंट्रोलर आहे. आत ईएसपी३२ चा ३० पिनांचा डेव्ह बोर्ड, त्यावर यूएसबी-सिरियलसाठी सीपी२१०२ चिप. मायक्रो यूएसबीचा पोर्ट हलतोय. केबल वरच्या बाजूला दाबून धरली की लाल दिवा लागतो, सोडली की जातो. लॅपटॉपला बोर्ड दिसतच नाही.

भिंगातून पाहिलं तर पत्र्याच्या पुढच्या दोन्ही पायांचं कथिल तडकलंय. मागच्या पाच पिना जागेवर दिसतात, पण कडेच्या एका पिनेच्या मुळाशी हिरवट पूड आहे. डबा बागेतच असतो, केबलच्या भोकातून फवारणीची ओल आत जाते. माझ्याकडे २५ वॉटचं साधं आयर्न, मल्टिमीटर आणि चिमटा आहे. हॉट एअर नाही. सुरुवात कुठून करू?

सातपूर_बेंच

काम घरी होण्यासारखं आहे. फक्त आता केबल लावून "चालतंय का" हे बघणं बंद करा. पुढचे पाय सुटले म्हणजे केबलचा सगळा जोर मागच्या पाच पॅडवर (पिना ज्यावर झाळतात ते तांब्याचे ठिपके) येतोय. मायक्रो यूएसबीच्या पिनांमधलं अंतर ०.६५ मिमी असतं, पॅड त्याहून अरुंद, आणि तो फायबरला नुसत्या चिकटपणावर धरलेला असतो. या पोर्टची ताकद पिनांत नसते, पत्र्याच्या पायांत असते. दुरुस्तीतही निम्म्याहून जास्त लक्ष पायांकडे द्यायचं.

हिरवी पूड म्हणजे तांब्याचा क्षार. ती पिन बहुधा पहिली, म्हणजे व्हीबस, ५ व्होल्टची असणार. मीटरने खात्री करा: पत्र्याशी बीप देते ती पाचवी, ग्राउंड, तिच्या विरुद्ध टोकाची पहिली. मधल्या क्रमाने डी मायनस आणि डी प्लस (या दोन डेटाच्या), मग आयडी. ओल असताना वीज चालू राहिली की धन बाजूचा धातू विरघळून जातो, म्हणून ओलीतल्या पोर्टात बहुधा पहिलीच पिन खाल्लेली दिसते. द्राक्षबागेत तर हवेतच मोरचूद-चुना (बोर्डो) आणि गंधक. बोर्डोचे थेंब ओले असताना वीज वाहून नेतात आणि गंधक तांबं-चांदी काळं करतं.

हे क्षार आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोल) नीट विरघळत नाहीत. आधी बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड, आणि मऊ टूथब्रश. मग आयपीए. मग पूर्ण कोरडं होऊ द्या. क्षारावर कथिल धरत नाही आणि धरल्यासारखं दिसलं तरी आत पोकळ राहतं.

गंगापूररोड_मेकर

पिना जागेवर असतील तर कनेक्टर काढायचाच कशाला? पुढचे दोन पाय परत झाळले की झालं ना?

सातपूर_बेंच

नुसती तडक असती तर तेच सांगितलं असतं: जुनं कथिल विकने (कथिल शोषणारी तांब्याची वेणी) ओढून घ्या, फ्लक्स लावा, नवं भरा, विषय संपला. जुन्या कथलावर नुसता बिट टेकवून "परत वितळवलं" तर तडक आठवड्यात पुन्हा येते, कारण आतला ऑक्साइड तसाच राहतो. इथे मात्र पिनेच्या मुळाशी गंज आहे आणि कनेक्टरच्या आतले संपर्कही बहुधा खाल्लेले असणार. आत टॉर्च मारून बघा. पिनेचा सोनेरी रंग जाऊन काळं किंवा हिरवं दिसलं तर कनेक्टर बदलाच.

पंचवटीची_पीसीबी

सुटा भाग आणण्याआधी तीन गोष्टी तपासा. पत्र्याचे पाय भोकात जाणारे आहेत की बोर्डावर चपटे बसणारे? कनेक्टर बोर्डाच्या वर आहे की खाच पाडून अर्धा आत बसवलाय? आणि पाय भोकात जाणारे असतील तर डाव्या-उजव्या भोकांमधलं अंतर किती? बाजारात दिसायला सारखे असलेले ५.९, ६.४ आणि ७.२ मिमीचे मिळतात आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही. पाय वाकवून बसवला तर तो कायम ताणात राहतो आणि पुन्हा सुटतो. व्हर्नियर नसेल तर बोर्डच सोबत न्या. एम. जी. रोडला मोबाइलच्या सुट्या भागांच्या दुकानांत "पाच पिन मायक्रो" एवढं सांगू नका, बोर्डावर ठेवून बघा. चार-पाच एकदम घ्या, कनेक्टर स्वस्त असतो, पॅड नव्हे.

बाकी सामान: ६३/३७ चं ०.५ मिमी कथिल, जेल फ्लक्स, २ मिमी विक, ९९ टक्के आयपीए, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी). पत्रा झाळायला वापरतात ते ॲसिड बोर्डाजवळही आणू नका. त्यात झिंक क्लोराइड असतं आणि धुतल्यावरही कनेक्टरखाली राहून खात बसतं.

आयर्न मात्र बदला. २५ वॉटचं साधं आयर्न रिकामं असताना ४०० अंशांपुढे जातं आणि पत्र्याच्या पायाला टेकवलं की एकदम थंड पडतं, कारण तो पाय ग्राउंडच्या पूर्ण तांब्याला जोडलेला असतो. थंड पडलं की आपण जास्त वेळ टेकवतो, जास्त दाबतो, आणि पॅड निघतो. तापमान ठरवता येणारं ६० वॉटचं स्टेशन आणि के बिट (चाकूच्या पात्यासारखा), नाहीतर २.४ मिमीचा चपटा बिट घ्या. सुईसारखा बिट बारीक कामाला बरा वाटतो, पण त्यातून उष्णता पोचतच नाही.

अंबड_रिवर्क

हॉट एअर कुणाकडून मिळालं तर काढायचं काम सोपं आहे. आजूबाजूला कॅप्टॉन, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल. बोर्ड खालून १०० ते १२० अंशांपर्यंत तापवा. वरून ३५० अंश, मध्यम हवा, नोझल गोल फिरवत ठेवायचं. कनेक्टर चिमट्याने हलका ढकलून बघायचा. सगळीकडे कथिल वितळलं की तो तरंगल्यासारखा सरकतो, तेव्हाच सरळ वर उचला. सरकत नसेल तर उचलायचा नाही.

बसवताना हॉट एअर नको. स्वस्त कनेक्टरच्या आतली प्लॅस्टिकची जीभ मऊ पडून वाकते आणि मग केबल आत जात नाही. काढायला हवा, बसवायला आयर्न.

पंचवटीची_पीसीबी

हॉट एअर नसेल तर तांब्याच्या तारेची रीत वापरा. घरातल्या वायरिंगची दीड चौरस मिमीची एकसंध तार सोलून इंग्रजी यू आकारात वाकवा. ती कनेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या पायांना आणि मागच्या पाचही पिनांना एकाच वेळी टेकली पाहिजे. भरपूर फ्लक्स लावून तारेच्या कडेने कथिल ओता, सगळे सांधे एकमेकांत मिसळतील एवढं. आता के बिट तारेवर फिरवला की पूर्ण कडं एकत्र वितळतं. पाय भोकातले असतील तर बोर्डाच्या खालच्या बाजूनेही प्रत्येक पायावर ताजं कथिल आधी घाला.

ताजं कथिल घालण्याचं कारण साधं आहे. कारखान्यातलं कथिल बहुतेक वेळा शिसेविरहित असतं, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. ६३/३७ मात्र १८३ ला. दोन्ही मिसळले की वितळण्याची पातळी खाली येते आणि पॅडवरचा ताण कमी होतो.

बिस्मथ-कथलाचा १३८ अंशांचा मिश्रधातूही मिळतो आणि त्याने कनेक्टर अलगद निघतो. पण नंतर तो विकने दोन वेळा पूर्ण पुसून काढा. शिसं, कथिल आणि बिस्मथ एकत्र राहिले तर ९६ अंशांच्या आसपास वितळणारा भाग तयार होतो, आणि तो सांधा ठिसूळ असतो. उन्हात तापणाऱ्या डब्यात असा सांधा नको.

दिंडोरी_द्राक्ष

धन्यवाद ताई, दादा. स्टेशन आणलं, पाय भोकातले आहेत, अंतर ७.२ निघालं. तारेच्या रीतीने कनेक्टर निघाला. आत पहिल्या पिनेचा संपर्क जवळजवळ उरलाच नव्हता. चार पॅड ठीक आहेत, डी मायनसचा पॅड कनेक्टरसोबत आला. त्याच्या पुढची प्रिंट (बोर्डावरची तांब्याची रेघ) अजून बोर्डाला चिकटलेली आहे. भोकांत कथिल अडकलंय. बोर्ड गेला का?

सातपूर_बेंच

नाही गेला. प्रिंट चिकटलेली आहे म्हणजे जंपरचं, गेलेल्या पॅडऐवजी बारीक तार जोडायचं काम आहे.

आधी भोकं. त्यात अजून कथिल घाला, मग सकरने (वितळलेलं कथिल ओढणारा पंप) ओढा. कमी कथिल असलेलं भोक सकरने साफ होत नाही. उरलेलं असेल तर वितळवून त्यात स्टीलची सुई घाला, स्टीलला कथिल धरत नाही. पॅडवरून विक फिरवताना विक आणि बिट एकत्र उचलायचे. विक थंड होऊन चिकटली आणि ओढली तर आणखी एक पॅड जाईल.

व्हीबसचा पॅड भिंगाखाली बघा. गंजाचा काळा-तपकिरी थर राहिला असेल तर फायबरच्या पेनने किंवा शाईच्या खोडरबराने लखलखीत होईपर्यंत घासा आणि लगेच कथलाचा पातळ लेप द्या.

झाळकाम_नाशिकरोड

जंपर मी सांगतो. डी मायनसची प्रिंट पॅडपासून दीड-दोन मिमी अंतरावर धारदार ब्लेडने खरवडा. ब्लेड आडवं धरून फक्त वरचा रंग काढायचा, तांब्यावर रेघ पडता कामा नये. १ मिमी लांबीचं तांबं दिसलं की पुरे. फ्लक्स, कथलाचा लेप.

तार ०.१ मिमीची इनॅमल, म्हणजे ४२ गेज (एसडब्ल्यूजी). मोबाइल दुरुस्तीच्या सामानात जी मिळते तिचं इनॅमल ३८० अंशांच्या कथलाच्या थेंबात धरलं की जळून निघतं. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडची तार आणली तर तिचं इनॅमल जास्त उष्णता सोसणारं असतं, ते ब्लेडने खरवडावंच लागतं. न खरवडता झाळलं तर वरून सांधा चकचकीत दिसतो आणि मीटर काहीच दाखवत नाही.

तार आधी प्रिंटवर झाळा आणि बोर्डाला चपटी झोपवा. कनेक्टर बसवून झाल्यावर दुसरं टोक पिनेच्या मागच्या बाजूला. वर यूव्ही मास्कचा (अतिनील प्रकाशात घट्ट होणारा लेप) थेंब टाकून यूव्ही दिव्याखाली घट्ट करा, नाहीतर तार हलून सांधा तुटेल.

प्रिंटही गेली असती तर थेट चिपला जावं लागलं असतं: सीपी२१०२ ची चौथी पिन डी प्लस, पाचवी डी मायनस. तिथे पिनांमधलं अंतर ०.५ मिमी आहे, म्हणून प्रिंट शाबूत असेपर्यंत तिकडे जाऊ नका.

सीपी२१०२ चा वेग १२ मेगाबिटचा, त्यामुळे एक-दोन सेंटिमीटरच्या जंपरने काही बिघडत नाही. ४८० मेगाबिटच्या पोर्टवर मात्र दोन्ही डेटा तारा सारख्या लांबीच्या, शेजारीशेजारी आणि होईल तितक्या आखूड ठेवाव्या लागतात.

ही तार व्हीबसला वापरू नका. ०.१ मिमीच्या तारेचा रोध मीटरमागे २ ओहमच्या थोडा वर असतो. डेटाला चालतो, पण ५ व्होल्टसाठी ०.३ मिमी, म्हणजे ३० गेजची घ्या.

गंगापूररोड_मेकर

डेटाचं एवढं करण्यापेक्षा ५ व्होल्ट थेट व्हीआयएन (बोर्डाची वीज घेण्याची) पिनेला दिले आणि प्रोग्रॅम बाहेरच्या सिरियल ॲडॉप्टरने टाकला तर?

झाळकाम_नाशिकरोड

वीज व्हीआयएनला देणं उत्तम. प्रोग्रॅमचं तेवढं सरळ नाही. बोर्डावरच्या सीपी२१०२ चं आउटपुट ईएसपीच्या आरएक्सला (डेटा घेणारी पिन) आधीच जोडलेलं असतं. बाहेरचा ॲडॉप्टर त्याच वाटेवर आला की दोघांची ओढाताण होते. आधीच्या प्रोग्रॅममध्ये ओटीएची (बिनतारी प्रोग्रॅम टाकण्याची) सोय असेल तर वायफायवरून टाका, ते खरोखर सोपं. सोय नसेल तर पोर्ट नीट करणंच बरं.

अंबड_रिवर्क

बसवण्याचा क्रम चुकवू नका भाऊ.

कनेक्टर भोकांत बसवून पूर्ण खाली दाबा. खालच्या प्लॅस्टिकला दोन खुंट्या असतील तर त्या बोर्डाच्या भोकांत गेल्यात का बघा. तोंडावर कॅप्टॉन चिकटवा, म्हणजे फ्लक्स आत जाणार नाही. एक पाय फक्त टाका मारल्यासारखा झाळा. भिंगातून पाचही पिना पॅडच्या मधोमध आल्यात का बघा. नसतील तर तोच पाय वितळवून सरकवा. मग तिरक्या बाजूचा दुसरा पाय. आता पिना: फ्लक्स, ३४० अंश, बिटवर अगदी थोडं कथिल, आणि पिनांच्या टोकांकडून एकदाच ओढत न्या. दोन पिना जुळल्या तर कथिल वाढवू नका. फ्लक्स लावून कोरडा स्वच्छ बिट बाहेरच्या दिशेने ओढा, जास्तीचं त्यावर येतं.

शेवटी चारही पाय ३८० अंशांवर, वरून आणि खालून. कथिल भोकातून पलीकडे वर आलेलं दिसलं पाहिजे. वर नुसता गोळा बसलाय आणि खाली भोक रिकामं, असा पाय केबलच्या पहिल्या धक्क्याला सुटतो. पण एका पायावर चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका आणि भरमसाट कथिल देऊ नका, ते पत्र्याच्या फटीतून आत शिरलं की केबल अर्ध्यावर अडते.

खोलीत पंखा धूर तोंडावर आणेल असा नको, धूर बाजूला नेईल असा ठेवा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, कथलात शिसं आहे.

पंचवटीची_पीसीबी

वीज देण्याआधीची तपासणी. एक जुनी डेटा केबल मधोमध कापा आणि मायक्रो बाजूच्या चार तारा मोकळ्या करा: लाल व्हीबस, पांढरी डी मायनस, हिरवी डी प्लस, काळी ग्राउंड. स्वस्त केबलमध्ये रंग कसेही असतात, आधी मीटरने केबलच तपासून घ्या. ही केबल पोर्टात लावून तारांवर मोजलं की नुसता सांधा नव्हे, आतला संपर्कही तपासला जातो.

लाल-काळी बीप देता कामा नये. पांढरी-हिरवी नको, लाल-पांढरी नको. मग मीटर डायोडवर: लाल प्रोब ग्राउंडला, काळा प्रोब आधी पांढऱ्या, मग हिरव्या तारेला. दोन्हीकडे साधारण ०.४ ते ०.७ च्या दरम्यान आणि एकमेकांच्या अगदी जवळचे आकडे हवेत. एकीकडे "ओएल" आलं तर तो सांधा उघडा आहे. एकीकडे शून्याजवळ आलं तर शॉर्ट. मोजताना केबल वर-खाली हलवा, आकडा हलता कामा नये.

पहिली वीज लॅपटॉपवरून देऊ नका. बेंच सप्लाय असेल तर ५ व्होल्ट, मर्यादा २०० मिलिॲम्पिअर.

सिडको_सी

याच धाग्यात विचारतो. माझ्या बोर्डावर टाइप-सी बसवलाय, १६ पिनांचा. साध्या चार्जरच्या ए-टू-सी केबलवर चालतो, सी-टू-सी वर अजिबात वीज घेत नाही. सांधे सगळे ठीक आहेत.

अंबड_रिवर्क

सीसी१ आणि सीसी२ (समोर काय जोडलंय हे चार्जरला कळवणाऱ्या टाइप-सीच्या पिना) तपासा. प्रत्येकीवरून ग्राउंडला ५.१ किलोओहमचा वेगळा रोधक हवा. तो नसेल किंवा ती पिन उघडी असेल तर सी-टू-सी चार्जर ५ व्होल्ट सोडतच नाही. ए-टू-सी मध्ये ५ व्होल्ट कायम असतात, म्हणून ती केबल चालते. दोन्ही पिनांना मिळून एकच रोधक लावू नका. २०१९ च्या पहिल्या रास्पबेरी पाय ४ मध्ये तसं होतं, त्यामुळे ई-मार्क चिप (केबलची क्षमता सांगणारी) असलेल्या केबलवर तो वीज घेत नव्हता. प्लग उलटा-सुलटा दोन्ही बाजूंनी लावून बघा. एकाच बाजूने चालला तर एका सीसीचा सांधा सुटलेला आहे.

दिंडोरी_द्राक्ष

कनेक्टर बसवला, जंपर झाला. डायोडवर पांढरी ०.५६, हिरवी ०.५५. लॅपटॉपला बोर्ड दिसतो, प्रोग्रॅम जातो. पण वायफाय सुरू झालं की बोर्ड परत रीसेट होतो आणि सिरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचा (व्होल्टेज कमी पडल्याचा) संदेश येतो. केबल २ मीटरची आहे.

सातपूर_बेंच

डेटा उत्तम झालाय. आता वीज कुठे अडते ते शोधायचं. हिशेब बघा: ५ व्होल्टमधून बोर्डावरच्या डायोडवर ०.३ ते ०.४ जातात, राहिले ४.६. एएमएस१११७ ला (बोर्डावरचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर) ३.३ देण्यासाठी वर सुमारे १.१ लागतात, म्हणजे ४.४. तुमच्या हातात फक्त ०.२ व्होल्टची सवलत आहे. वायफाय सुरू होताना क्षणभर ४०० मिलिॲम्पिअरच्या आसपास ओढ असते. वाटेत अर्धा ओहम असला तरी ती सवलत संपते.

पहिला संशय केबलवर. २८ गेजच्या (एडब्ल्यूजी) तारेचा रोध मीटरला ०.२१ ओहम, २ मीटर जाऊन-येऊन ०.८५ ओहम. अर्धा मीटरची जाड केबल लावून बघा. तरी रीसेट झाला तर बोर्ड चालू असताना मीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक प्रोब कनेक्टरच्या पहिल्या पिनेच्या धातूवर आणि दुसरा त्याच प्रिंटवर पुढे टेकवा. ग्राउंडचंही तसंच, पत्र्यापासून जीएनडी पिनेपर्यंत. दहा-वीस मिलिव्होल्टच्या वर गेलं तर तो सांधा परत करा. गंजलेला व्हीबस पॅड हाच पहिला संशयित.

दिंडोरी_द्राक्ष

आखूड केबलवर रीसेट पूर्ण थांबला. व्हीबसच्या सांध्यावर ४ मिलिव्होल्ट, ग्राउंडवर २. आता पोर्ट पक्का करायला फेविक्विक लावू का?

झाळकाम_नाशिकरोड

फेविक्विक नको. त्याची वाफ संपर्कांवर पांढरा थर बसवते आणि पातळ असल्याने ते आत शिरतं. दोन भागांचं एपॉक्सी घ्या, हळू घट्ट होणारं. आधी आयपीएने सगळा फ्लक्स धुवा. कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना पत्रा आणि बोर्ड यांच्या कोनात बारीक रेघ द्या, मागच्या पिनांवर नको, पुढे दुरुस्ती लागली तर ते निघत नाही. घट्ट होईपर्यंत पोर्टचं तोंड वर करून बोर्ड उभा ठेवा.

आणि डब्यात परत लावताना वीज यूएसबीतून देऊ नका. ५ व्होल्टचा सप्लाय स्क्रू टर्मिनलवरून व्हीआयएनला घ्या, यूएसबी फक्त प्रोग्रॅमसाठी. दोन्ही एकाच वेळी लावू नका. सगळ्या बोर्डांवर मधला डायोड असतोच असं नाही. केबल डब्याच्या खालच्या बाजूने ग्लँडमधून (केबलभोवती आवळणारा जोड) आत घ्या आणि बाहेर तिला खाली झोळ ठेवा, म्हणजे फवारणीचं पाणी तारेवरून खाली ओघळून जाईल. रिकाम्या पोर्टला रबराचं बूच लावा.

दिंडोरी_द्राक्ष

ग्लँड पीजी७ चालेल की पीजी९? केबलचा बाहेरचा व्यास ५ मिमी आहे.

झाळकाम_नाशिकरोड

पीजी७. तो साधारण ३ ते ६.५ मिमीच्या केबलला धरतो. पीजी९ मध्ये ५ मिमीची सैल बसू शकते.